सात फुटांचा गडी आणि शून्य धावा

वर्षालीने दिवाणाची फळी उचलली ती पाहुण्यासाठी गादी काढायला, आणि मान बाहेर काढली ती भांडायला.

"अहो, ह्या दिवाणात आपल्या घरातलं काही आहे का? गादी कुठाय?"

"कपाटावर," दिग्विजय चहात बिस्कीट बुडवत म्हणाला.

"आणि कपाटावरची भांडी?"

इथे बिस्कीट तुटून चहात पडलं. भांडी कुठे आहेत ते दिग्विजयला ठाऊक होतं, पण वॉशिंग मशीन ही काही बायकोला सांगण्यासारखी जागा नव्हती.

दिवाणात कार्डं होती. खेळाडूंची. सुरुवात साधीच झाली होती. संत तुकाराम नगरच्या ह्याच गल्लीत, शाळेत असताना, च्युइंगमच्या पाकिटातून क्रिकेटवाल्यांची कार्डं निघायची, ती त्याने जमवली. तिथेच थांबला असता तर बुटाच्या एका खोक्यात संसार आटोपला असता. पण पुढे चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी लागली, हातात मोबाईल आला आणि मोबाईलमध्ये कुलदीप आला. कुलदीप हा पिंपरी-चिंचवडच्या कार्डवाल्यांच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन. "घेऊन ठेव भावा, पुढे मिळणार नाही," एवढंच तो म्हणायचा आणि दिग्विजय घेऊन ठेवायचा. असे फुटबॉलवाले आले, बास्केटबॉलवाले आले, बर्फावर हॉकी खेळणारे आले. बास्केटबॉलची मॅच दिग्विजयने जन्मात एकदाच पाहिली होती, तीसुद्धा रिमोट सापडत नव्हता म्हणून.

"उद्या आप्पा येतायत, महिनाभर," वर्षाली म्हणाली. "झोपवू कुठे त्यांना? ह्या हाफ चड्डीवाल्यांच्या मांडीवर?"

आप्पा म्हणजे वर्षालीचे वडील, रंगराव. चऱ्होलीतलं त्यांचं जुनं घर पाडून तिथे बंगला उठत आला होता, आणि तो पुरता उठेपर्यंत म्हातारा लेकीकडे बसणार होता.

एरवी दिग्विजयने वाद घातला असता. पण योगायोगाने पुढच्याच रविवारी चिंचवडच्या एका हॉलमध्ये ग्रुपचा मेळावा होता, आणि कुलदीपने भाषण त्याच्यावर सोपवलं होतं. विषय, 'संग्रहाला दिशा'. मुद्दा असा, की पसारा कमी करा आणि ज्यात खरा आनंद मिळतो तेवढंच ठेवा. भाषण दिग्विजयने पाठ केलं होतं. आता ते करून दाखवणं आलं.

तो जमिनीवर मांडी घालून बसला. एकेक कार्ड हातात धरायचं, डोळे मिटायचे आणि मनाला विचारायचं, आनंद होतो का? पहिलं कार्ड धरलं, विचारलं, आणि वाट पाहत राहिला.

"काय वाटतंय?" वर्षालीने विचारलं.

"पाय आखडलाय."

दिग्विजय कारखान्यात क्वालिटी विभागात होता. त्या विभागाच्या माणसाला आनंद मोजता आला नाही, की तो कोपरे मोजतो. त्याने भिंग काढलं. कार्डाचे चारही कोपरे टोकदार असले, ते परदेशातून गुण मिळवून कडक पारदर्शक डबीत कायमचं बंद होऊन आलेलं असलं, तर आनंद होतो असं ठरलं. मळकं, दुमडलेलं, च्युइंगमचा वास येणारं असलं, तर होत नाही. तासाभरात दोन खोकी तयार झाली. कंपनीतून आणलेले स्टिकर होतेच. डबीवाल्या फुटबॉल-बास्केटबॉलवाल्यांच्या खोक्यावर हिरवा 'ओके' लागला, च्युइंगमवाल्या क्रिकेटवाल्यांच्या खोक्यावर लाल 'रिजेक्ट'. बाकीचं भरताड त्याने त्याच दिवशी ग्रुपवर वाटून टाकलं. गादी दिवाणात गेली, भांडी कपाटावर गेली, आणि वॉशिंग मशीनमध्ये कपडे जायची सोय झाली.

सोमवारी रंगराव आले. दोन दिवसांत घर त्यांना खायला उठलं. दिग्विजयला त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती. तो दुपारी कंपनीच्या बसमध्ये चढला होता, तेवढ्यात वर्षालीचा फोन आला.

"अहो, आप्पांना खाली बागेत खेळायला पत्ते हवेत. तुमच्या खोक्यातले देऊ का?"

"रिजेक्टचं खोकं घेऊ दे," दिग्विजय उदारपणे म्हणाला. "नाहीतरी टाकायचंच आहे."

वर्षालीच्या हाताला कणीक लागली होती. ती आतूनच ओरडली, "आप्पा, दिवाणाखाली खोकी आहेत, स्टिकर बघून घ्या!" रंगरावांनी स्टिकर बघितले आणि घेतलं. घरात कुणाला काही खटकलं नाही. सेकंड शिफ्टचा माणूस घरी येतो तेव्हा झोपायला येतो.

रविवारी सकाळी कुलदीपचा मेसेज आला: 'गाडी घेऊन येतोय. ओके खोकं तयार ठेव.' दिग्विजयने इस्त्रीचा शर्ट घातला, भाषणाचं पहिलं वाक्य म्हणून पाहिलं आणि खोक्याचं झाकण काढलं.

आत नुसत्या डब्या होत्या. फुटलेल्या. प्रत्येक डबीचे दोन तुकडे, आणि तळाला सुपारीची खांडं.

त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून वर्षाली कुकर सोडून धावत आली. "पाल आहे का?"

"हे ओकेचं खोकं आहे! कुणी घेतलं?"

"आप्पांनी. तुम्हीच तर म्हणालात घेऊ दे!"

"रिजेक्टचं म्हणालो होतो!"

"मग मी सांगितलं ना त्यांना, स्टिकर बघून घ्या. त्यांनी बघितला असणार."

दिग्विजय चप्पल न घालताच जिना उतरला.

बागेत ज्येष्ठ नागरिकांसाठी सिमेंटचं टेबल आणि बाकं होती. तिथे रंगराव बसले होते. त्यांच्या समोर ज्योतीराम होते, मशीन शॉपमधून निवृत्त झालेले, नाकावर चष्मा. आणि मध्ये, पिशवी मांडीवर घेऊन, शालनबाई. त्या लातूरकडच्या. मुलगा चाकणला नोकरीला, म्हणून त्या इकडे, आणि इकडे बोलायला कुणी नाही म्हणून त्या बागेत. टेबलावर दिग्विजयचा लाडका फुटबॉलपटू पालथा पडला होता. त्याच्या पाठीवर चुन्याचा अंगठा होता.

"या या, जावयबापू!" रंगराव हरखले. "तुमचं पत्तं लई झ्याक हायेत बरं का. इस्पिक-बदाम न्हाई, पर माणसं येकेक तगडी हायेत."

"मामा, हे पत्ते नाहीत!"

"मंग काय हाय?"

"हे... कार्ड आहेत."

"मंग पत्तंच की."

दिग्विजयने खोल श्वास घेतला. "लाल स्टिकरचं खोकं घ्यायचं होतं ना?"

"आवो, लाल म्हंजी थांबा आन् हिरवा म्हंजी चला. येवढं आमाला बी कळतंय. आळंदी रस्त्याला पाच सिग्नल झाल्यात आता."

"आणि डब्या? डब्या का फोडल्या?"

"उघडंनात. माणसं आत गुदमारल्याली. मंग अडकित्ता घातला."

"त्या उघडायच्या नसतात!"

"मंग खेळायचं कसं?" ज्योतीरामांनी चष्म्यावरून विचारलं.

"खेळायचं नसतं, काका."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दवाखान्यात रोग्याला न सांगता नातेवाईक बघतात, तसं.

"मग काय करायचं असतंय?" शालनबाई म्हणाल्या.

"ठेवायचं असतं."

"किती दिवस?"

"कायमचं."

शालनबाई रंगरावांकडे वळल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "भाऊ, पोरगी देताना नीट चौकशी केली व्हती ना?"

रंगरावांनी आपल्याकडची उरलेली दोन पानं जावयापुढे केली. बाकी सगळी ते चार दिवसांत हरले होते. थोडी ज्योतीरामांकडे होती. मोठा साठा शालनबाईंच्या पिशवीत, मेथीच्या जुडीवर.

"मावशी, चूक झाली. ती परत द्या."

"का म्हणून? जिंकलेत मी. तुला पायजे असतील तर बस आणि जिंकून घे. लुटून न्यायलास का?"

"ह्या दोन पानांशिवाय माझ्याकडे खेळायला काही नाही."

"हाय की," रंगराव म्हणाले. "घरी लाल स्टिकरचं खोकं हाय. आता बिनधास्त आणा, मी सांगतो."

दिग्विजयने घड्याळ पाहिलं. कुलदीप यायला वेळ होता. पाच-दहा डाव खेळू, म्हाताऱ्यांना हरवू आणि निघू, असा हिशेब करून तो वर गेला आणि रिजेक्टचं खोकं काखेत मारून खाली आला.

ज्योतीरामांनी खेळ समजावला. प्रत्येकाने एक पान टाकायचं. ज्याची पाळी असेल त्याने पुकारायचं: उंची, वजन किंवा पाठीवरचा नंबर. ज्याचं जास्त, त्याने सगळी पानं उचलायची. मागचं इंग्रजी ज्योतीराम वाचणार, आणि त्यांनी वाचलं ते वाचलं.

पहिली पाळी शालनबाईंची. "उंची," त्या म्हणाल्या आणि एक बास्केटबॉलवाला टाकला. हा संग्रहाचा मुकुटमणी होता. परदेशात त्याला दहापैकी साडेनऊ गुण मिळाले होते आणि दिग्विजयने त्याच्यासाठी दिवाळीचा बोनस अर्पण केला होता. ज्योतीरामांनी पान उलटलं. "सात फूट."

दिग्विजयने एक च्युइंगमवाला फलंदाज टाकला.

"ह्याची उंची छापलेली नाही," ज्योतीराम म्हणाले.

"मग शून्य," शालनबाई म्हणाल्या आणि पानं ओढली.

दुसरा डाव, वजन. क्रिकेटवाल्यांचं वजनही छापलेलं नव्हतं. शून्य. तिसरा डाव, नंबर. त्या काळात पाठीवर नंबरच नसायचे. शून्य. खोकं हलकं व्हायला लागलं. रंगराव जावयाच्या कानाशी लागले, "आवो, तुमची माणसं लई उपाशी हायेत."

मग पाळी दिग्विजयची आली. त्याने हातातलं पान उलटून पाहिलं. मागे तीनच गोष्टी होत्या: धावा, बळी, झेल. त्याने टेबलावर हात आपटला.

"धावा!"

"असलं काही नसतंय," शालनबाई म्हणाल्या.

"छापलंय की इथे!"

"बघू." ज्योतीरामांनी पान डोळ्यांजवळ नेलं, उन्हात धरलं आणि निवाडा दिला. "छापील आहे. छापील असेल तर चालणार."

"भाऊ, ज्योतीरामांना जरा आपल्या बाजूनं बोलायला सांगा की," असं काहीतरी शालनबाई पुटपुटल्या आणि त्यांनी नाइलाजाने सात फुटी टाकला.

"ह्याच्या धावा..." ज्योतीरामांनी दोन्ही बाजू तपासल्या. "नाहीत."

"किती न्हाईत?"

"एकही नाही. शून्य."

"अगं बाई! सात फुटांचा गडी आणि एक धाव न्हाई?" शालनबाईंनी कार्डाकडे जळजळीत नजर टाकली. "नुसता वाढलाय मेला!"

तिथून खेळ रंगला. दिग्विजयची पाळी आली की क्रिकेटवाले गोऱ्यांना धुवून काढायचे. शालनबाईंची आली की गोरे उंचीने उट्टं काढायचे. रंगराव जावयाकडून दोन पानं उसनी घेऊन पुन्हा मैदानात उतरले आणि ज्या बाजूची सरशी होईल त्या बाजूने ओरडायला लागले. ज्योतीरामांनी एकदा धावांच्या जागी झेल वाचले, तेव्हा दिग्विजयने त्यांच्या हातातून पान हिसकावलं आणि "चीटिंग!" असा आवाज काढला. तो आवाज त्याने पंचवीस-तीस वर्षांत काढला नव्हता. क्वालिटी विभागात असा आवाज काढत नाहीत. तिथे मेल करतात.

त्याचा इस्त्रीचा शर्ट बाहेर आला होता. एक गुडघा बाकावर होता. खिशातला फोन वाजत होता आणि तो खिशावर थापट मारून त्याला गप्प करत होता. मधल्या एका डावात त्याने हाताला येईल ते पान टाकलं, ते शालनबाईंनी नंबरावर उचललं, आणि ते कोणतं पान होतं हे त्याने पाहिलंही नाही. पुढच्याच डावात "बळी!" पुकारून त्याने मधे पुन्हा हातचा गेलेल्या सात फुट्याला परत आणलं. आणखी थोड्या वेळाने जवळजवळ सगळे 'ओके' त्याच्यासमोर ढिगाने पडले होते, आणि तो ते मोजायचं सोडून पुढचं पान वाटा म्हणून मागे लागला होता.

"दिग्या."

मागे कुलदीप उभा होता. घरून वर्षालीने त्याला इकडे पाठवलं होतं. त्याची नजर टेबलावर गेली आणि तिथेच चिकटली.

"दिग्या, तो... उघडा आहे?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

कुणी भर चौकात धोतर सोडलेल्या माणसाबद्दल बोलावं, तसा त्याचा स्वर होता. त्याने सात फुट्याला दोन बोटांनी कडेला धरून उचललं, चुना पाहिला आणि डोळे मिटले. "उचल सगळं. काही बोलू नकोस. हॉलमध्ये लोक थांबलेत. पुसता येतं का बघू."

दिग्विजय भानावर आला. खरंच, भाषण होतं. 'ज्यात खरा आनंद मिळतो तेवढंच ठेवा.' त्याने उरलेले क्रिकेटवाले खिशात कोंबले आणि घाईघाईने 'ओके' त्यांच्या लाल स्टिकरच्या खोक्यात भरले. निघताना सहज शालनबाईंच्या पिशवीकडे लक्ष गेलं आणि तो थबकला.

मेथीवर एक च्युइंगमवाला गोलंदाज पडला होता. छपाई सरकल्यामुळे त्याची मिशी ओठांवर न बसता गालावर गेली होती. फोटो काढताना त्याने डोळे मिटले होते. मागे लिहिल्याप्रमाणे साऱ्या कारकिर्दीत त्याच्या धावा तीन होत्या. गल्लीतल्या एकाही पोराला हा नको असायचा. पाकीट फोडलं आणि हा निघाला, की सगळी गल्ली नाचायची. आणि तो नेमका दिग्विजयलाच निघायचा. त्याने हा गोलंदाज कुणाकुणाच्या दप्तरात गुपचूप सरकवला होता, आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या डब्यात, पोळीच्या घडीत परत आला होता. दिग्विजय हसला. मग त्याच्या लक्षात आलं की भिंग लावून बसलो तेव्हा ह्या गड्याचं तोंडही आपण पाहिलं नव्हतं. कोपरे पाहिले आणि लाल खोक्यात टाकला.

"मावशी, तेवढा एक द्या."

"कुठला?" शालनबाईंनी पान उचललं. "हा? हा न्हाई देणार. हा आवडलाय मला."

"ह्याला काही किंमत नाही, मावशी. तीन धावा आहेत."

"असूंदेत. डोळे मिटून बॉल टाकायलाय बघ. आमचे हे असाच संसार करायचे. डोळे मिटून. तरी पार पडला."

दिग्विजयने खोक्यातून एक फुटबॉलवाला काढला. "हा घ्या."

"धावा?"

"नाहीत."

"मग काय चाटायचाय?"

त्याने दुसरा काढला. मग तिसरा. शालनबाई भाजीवाल्यासमोर उभं राहावं तशा उभ्या राहिल्या, पिशवी खांद्याला लावली आणि दोन पावलं निघालीही. दिग्विजय त्यांच्या मागे गेला. त्याने सात फुटी पुढे केला.

"दिग्या!" कुलदीप किंचाळला. "साडेनऊ आहे तो! साडेनऊ!"

शालनबाई थांबल्या. "आणि वर काय?"

"वर हा बर्फावरचा."

"आणि?"

दिग्विजयने खोक्याकडे पाहिलं. आत चांगल्या घरातली, टोकदार कोपऱ्यांची, ओळखदेख नसलेली माणसं दाटीवाटीने बसली होती. ती ह्या टेबलावर आली नसती, तर त्यांतल्या एकाचंही वजन त्याला कळलं नसतं. त्याने अख्खं खोकं शालनबाईंच्या हातात ठेवलं.

"घ्या. सगळं."

"झाकण?"

त्याने झाकणही दिलं. शालनबाईंनी मिटल्या डोळ्यांच्या गोलंदाजाला एकदा जवळून पाहून घेतलं आणि दिग्विजयच्या हवाली केलं. "सांभाळ बरं. गरीब हाय."

कुलदीप बाकावर बसला होता. रंगराव त्याला पाणी पाजत होते. "व्हतंय असं," ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "आमची जमीन गेली तवा आमाला बी दोन दिस जेवाण ग्वाड लागलं न्हवतं."

मेळाव्याला कुलदीप एकटाच गेला. भाषण झालं नाही. दुपारी दिग्विजय आणि रंगराव जेवायला बसले तेव्हा फोन वाजला: दिग्विजयला ग्रुपमधून काढण्यात आलं होतं. त्याने तो मेसेज वर्षालीला दाखवला. तिने वाचला, नवऱ्याच्या बाहेर आलेल्या शर्टाकडे आणि अनवाणी पायांकडे पाहिलं आणि ताटात आणखी एक पोळी वाढली.

संध्याकाळी कुलदीपचा वेगळा मेसेज आला: 'त्या मावशी उद्या असतात का? मी माझी कार्डं आणतो. ते खोकं मी जिंकून घेतो. व्यवसाय म्हणून. गैरसमज नको.'

"येऊ द्या की," रंगराव म्हणाले.

"मावशी कशा खेळतात ते सांगितलं का त्याला?" वर्षालीने विचारलं.

"विचारलं नाही त्याने," दिग्विजय म्हणाला.

कुलदीप सोमवारी आला. मंगळवारी आला, तेव्हा बॅग घेऊन आला. बुधवारी त्याने ऑफिसातून अर्धी रजा टाकली, आणि त्या दिवशी बागेतून जाणाऱ्यांना "उंची! उंची म्हटलंय मी, काका, नीट वाचा!" असा त्याचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता. त्या महिन्याच्या अखेरीला रंगराव चऱ्होलीच्या बंगल्यावर गेले, तोवर ग्रुपवर चर्चा सुरू झाली होती की पिंपरी-चिंचवडातला सगळ्यात मोठा संग्रह आता लातूरच्या एका बाईंकडे आहे, आणि त्यांचा सत्कार व्हायला हवा.

निमंत्रण द्यायला कुलदीप स्वतः बागेत आला. शाल, श्रीफळ, दोन शब्द, असं त्याने सगळं अदबीने सांगितलं. शालनबाईंनी हातातली पानं पिसत ऐकून घेतलं.

"हॉलमधली माणसं खेळणारी हायेत का रे?" त्यांनी विचारलं.

कुलदीप जरा घुटमळला. "नाही मावशी. ठेवणारी आहेत."

"मग त्यांनाच इकडं धाडून दे," शालनबाई म्हणाल्या. "येताना कार्डं आणा म्हणावं."